रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप : नागपूरच्या खडकांतील शंख-शिंपल्यांचे संग्राहक

राज्ये जिंकणारे सेनापती, मोठमोठे ग्रंथ लिहिणारे पंडित आणि लोकसेवेत देह झिजविणारे सत्पुरुष यांची चरित्रे विद्यार्थ्यांच्या वाचनात नेहमी येतात. परंतु वाटेवरचा दगड उचलून त्यातील गोगलगाईचा शंख न्याहाळण्यात ज्याने आपला थोडाबहुत मोकळा वेळ घालविला, आणि त्या उद्योगातून आपल्या भूमीच्या पुरातन इतिहासाची काही पाने वाचून दाखविली, अशा पुरुषाचे चरित्र सहसा कोणी सांगत नाही. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे अशा पुरुषांपैकी एक होत. नागपुरातील हिस्लॉप कॉलेजामुळे त्यांचे नाव महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. पण त्या नावाच्या मागे दगडांचा केवढा मोठा संग्रह उभा आहे हे फारच थोड्यांस ठाऊक असेल. म्हणून या अंकात आम्ही त्यांचे चरित्र, विशेषतः त्यांच्या या छंदाची हकीकत, वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर बेरिकशायर नावाचा परगणा आहे. तेथील डन्स या गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी हिस्लॉप यांचा जन्म झाला. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांची व इंग्रजांची लढाई झाली. ज्या टेकडीवर त्या वर्षी तोफा डागल्या गेल्या, तिच्याच खडकांचे थर हा मुलगा पुढे मोठा होऊन मोजणार होता. त्यांचे उच्च शिक्षण एडिंबरो व ग्लासगो येथे झाले व त्यांनी धर्मोपदेशकाचा मार्ग पत्करला. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च वेगळे निघाले. त्या संस्थेतर्फे हिस्लॉप १८४४ च्या अखेरीस हिंदुस्थानास निघाले आणि १८४५ च्या आरंभी नागपुरास येऊन पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय २७ वर्षांचे होते.

त्या काळचे नागपूर आजच्यासारखे नव्हते. गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. सीताबर्डीस इंग्रजांचा रेसिडेंट राहत असे आणि कामठीस फौजेची छावणी होती. रेल्वे नागपुरास येण्यास अजून २२ वर्षांचा अवकाश होता. मुंबईचा प्रवास बैलगाडीने किंवा घोड्यावरून करावा लागे. हिस्लॉप यांनी मराठीचा अभ्यास केला, १८४६ साली शहरात शाळा उघडली, आणि शिकविणे, उपदेश करणे व हिवाळ्यात खेडोपाडी फिरणे हा आपला नित्यक्रम ठरविला. १८४७ साली त्यांस रॉबर्ट हंटर नावाचे सहकारी येऊन मिळाले. हेच हंटर पुढे विलायतेत एका मोठ्या ज्ञानकोशवजा इंग्रजी शब्दकोशाचे संपादक म्हणून प्रसिद्धीस आले. भूगर्भशास्त्र हा या दोघांपैकी एकाचाही व्यवसाय नव्हता. सरकारचे भूगर्भ-सर्वेक्षण खाते कलकत्त्यास सुरू झाले तेच मुळी १८५१ साली. नागपूरच्या आसपासचे खडक त्यापूर्वी काही विद्वानांनी पाहिले होते खरे, पण तेथे राहून वर्षानुवर्षे त्यांचा कसून शोध घेणारा कोणी नव्हता.

येथे आमच्या बालवाचकांसाठी थोडे विषयांतर करणे अवश्य आहे. एखादा प्राणी मेला किंवा एखादे पान गळून पडले, म्हणजे ते बहुधा कुजून नाहीसे होते. परंतु ते जर तळ्याच्या किंवा नदीच्या गाळात चटकन पुरले गेले, आणि तो गाळ दबून कालांतराने त्याचा दगड झाला, तर त्या वस्तूचा आकार दगडात राहतो. कधी तिच्या जागी गारेसारखे खनिज भरून ती वस्तूच दगडाची बनते. कधी नुसता ठसा उरतो. अशा अवशेषास जीवाश्म म्हणतात. ज्यांस पाठीचा कणा आहे अशा मोठ्या प्राण्यांची हाडे सापडली की लोकांचा जमाव जमतो, वर्तमानपत्रांत बातमी येते. पण शंख, शिंपले, किडे, पाने, फळे व बिया यांचे जीवाश्म हजारोंनी पडलेले असले तरी त्यांजकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. वास्तविक, एखाद्या ठिकाणी पूर्वी समुद्र होता की गोडे तळे, हवा दमट होती की कोरडी, हे ओळखावयाचे झाल्यास या क्षुद्र वस्तूंइतके भरवशाचे साक्षीदार दुसरे नाहीत. हिस्लॉप यांचा मोठेपणा असा की, त्यांनी या साक्षीदारांची साक्ष मनापासून ऐकली.

आरंभ १८५१ साली झाला. नागपूरच्या पश्चिमेस टाकळी नावाचे खेडे होते. आज त्याच्या सभोवार शहर पसरले आहे. त्या बाजूस फिरावयास गेले असता हिस्लॉप व हंटर यांस काळ्या फत्तराच्या थरांमध्ये सापडलेल्या मातकट दगडात शंख दिसले. सामान्य मनुष्याने ते पाहून पुढे पाऊल टाकले असते. परंतु माल्कमसन नावाच्या मद्रासकडील एका डॉक्टराने अशाच शंखांविषयी पूर्वी एक निबंध लिहिला होता, आणि तो १८४० साली लंडनच्या भूगर्भशास्त्र-मंडळाने छापला होता. तेच शंख येथे आपल्या घराजवळ आहेत हे उमगताच या दोघा मित्रांनी शोध सुरू केला. टाकळीची जमीन, सीताबर्डीची टेकडी, तेलंखेडीचा परिसर, आणि पुढे दौऱ्यावर असताना लागणारे नाले, विहिरी व दगडांच्या खाणी, यांतून ते नमुने गोळा करू लागले. हे काम शाळेच्या वेळात होत नसे. सकाळचा फेरफटका, सुटीचा दिवस आणि दौऱ्यातील मुक्काम एवढाच काय तो त्यांचा अवकाश.

नागपूरच्या या भागात खडकांची रचना मोठी चमत्कारिक आहे. फार प्राचीन काळी, म्हणजे आजच्या गणनेप्रमाणे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, भूमीस भेगा पडून त्यांतून तप्त शिलारसाचे लोट बाहेर आले व दूरवर पसरून थिजले. आपल्या सह्याद्रीचा व दख्खनच्या पठाराचा काळा फत्तर तो हाच. परंतु हे लोट एकामागून एक लागलीच आले नाहीत. एक लोट थिजल्यावर दुसरा येईपर्यंत कित्येक ठिकाणी दीर्घ काळ लोटला. त्या अवधीत खोलगट जागी पाणी साचून तळी झाली, काठांवर झाडे वाढली, पाण्यात गोगलगाई नांदू लागल्या. मग पुन्हा शिलारस आला आणि ते तळे झाकून गेला. अशा रीतीने दोन काळ्या थरांमध्ये तळ्याच्या गाळाचा एक पातळ थर राहिला. एखाद्या वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये जसे लिहिलेले पान असावे तसा हा प्रकार आहे. हिस्लॉप यांनी जे वाचले ते हे पान.

संग्रहाचा नाद असलेल्या मनुष्यास लोक नेहमी विचारतात की, तुमच्या साऱ्या संग्रहातील सर्वांत आवडती वस्तू कोणती? हिस्लॉप यांच्या संग्रहातून आम्हांस तीनच वस्तू निवडावयास सांगितले, तर आम्ही मोठमोठी हाडे बाजूस ठेवू आणि एक शंख, एक मूठभर बिया व एक पान उचलू. का, ते क्रमाने सांगतो.

पहिला शंख. त्याचे शास्त्रीय नाव फायसा प्रिन्सेपाय. ब्राह्मी लिपी वाचून अशोकाचे शिलालेख जगास उलगडून देणारे जेम्स प्रिन्सेप यांच्या स्मरणार्थ सॉवर्बी या विद्वानाने ते ठेविले. हा गोड्या पाण्यातील गोगलगाईचा शंख होय. बहुतेक शंखांचे वेटोळे उजवीकडे वळलेले असते. देवघरातील शंख हाती घेऊन शेंडा वर धरला तर त्याचे तोंड आपल्या उजव्या हातास येते. या फायसाचे वेटोळे मात्र डावे असते. शेंडा वर धरला की तोंड डाव्या हातास येते. डबक्यात आज आढळणाऱ्या त्याच्या आप्तांच्या मानाने तो आकाराने बराच मोठा आहे. नागपूरच्या आजूबाजूस, आणि तेथून शेकडो मैल दूर असलेल्या कित्येक ठिकाणीही, काळ्या फत्तरांमधील तळ्यांच्या गाळात हाच शंख पुनःपुन्हा सापडतो. त्यामुळे दूरदूरच्या थरांचे नाते जुळविण्यास तो एखाद्या राजमुद्रेप्रमाणे उपयोगी पडला. हिस्लॉप यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली. नागपूरकडील थरांत खाऱ्या पाण्याचा एकही शंख नव्हता. सारे गोड्या पाण्याचे किंवा जमिनीवरचे. उलट, गोदावरीच्या मुखाकडील राजमहेंद्रीजवळ, अशाच काळ्या फत्तराच्या सोबतीस असलेल्या थरांत समुद्रालगतचे शंख होते. यावरून नागपूरकडे तळी होती आणि राजमहेंद्रीकडे समुद्राचे पाणी येत होते, असा निष्कर्ष निघाला. मुकी गोगलगाय देशाचा प्राचीन नकाशा कसा काढून देते, याचे याहून सुंदर उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

दुसरी वस्तू टाकळीच्या बिया. टाकळीच्या थरात शंखांच्या जोडीस फळे, बिया, पानांचे व लाकडांचे तुकडे मिळाले. किड्यांच्या पाठीवरील कठीण पंखही मिळाले. नुसत्या डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या, शिंपल्यासारख्या दुहेरी कवचाच्या जलजंतूंचे अवशेष मिळाले, आणि पाण्यात उगवणाऱ्या कॅरा नावाच्या शेवाळवर्गीय वनस्पतीची सूक्ष्म फळेही मिळाली. हे काम किती चिकाटीचे असेल याची कल्पना करावी. मोठे हाड वाटसरूसही दिसते. परंतु बाजरीच्या दाण्याएवढे बी दगडात ओळखण्यास नजर कमवावी लागते. प्रत्येक वस्तूचा अर्थ आपणच लावावा असा हट्ट हिस्लॉप यांनी धरला नाही. किड्यांचे पंख त्यांनी अँड्र्यू मरे यांजकडे दिले, कवचधारी जलजंतू रूपर्ट जोन्स यांजकडे दिले, आणि ज्याचे त्याचे वर्णन त्या त्या तज्ज्ञाने १८६० साली प्रसिद्ध केले. आपणांस काय येते हे ओळखणे सोपे आहे. आपणांस काय येत नाही हे ओळखून ते काम योग्य हाती सोपविणे यास मनाचा मोठेपणा लागतो.

तिसरी वस्तू पान. हे पान तळ्यांच्या गाळातले नसून त्याहून कितीतरी पुरातन वालुकाश्मातले आहे. कामठी, सिलेवाडा, भरतवाडा या नागपूरच्या उत्तर व पूर्व बाजूंच्या गावांजवळ दगडांच्या खाणी होत्या. तेथील दगडावर लांबट, जिभेच्या आकाराची पाने उमटलेली आढळत. मध्यभागी ठळक शीर, आणि तिच्या दोहों बाजूंस जाळ्यासारखी विणलेली बारीक शिरांची नक्षी. या वनस्पतीस ग्लॉसोप्टेरिस म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ जिभेसारखे नेचे असा होतो. नाव नेच्याचे असले तरी ही वनस्पती बीज धारण करणारी होती, हे पुढील संशोधनाने ठरले. हिस्लॉप यांनी अशा पानांचा मोठा संग्रह विलायतेस पाठविला. सर चार्ल्स बनबरी यांनी १८६१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पट्ट्यासारख्या लांब पानांच्या एका वनस्पतीस हिस्लॉप यांचे नाव दिले. छिंदवाड्याकडील उमरेठ येथील कोळशाचे थर, नागपूरचा हा पानांचा दगड आणि बंगालमधील बर्द्वानचा कोळसा यांचा परस्परसंबंध दाखविणारा निबंध हिस्लॉप यांनी १८५५ सालीच लिहिला होता. ज्या देशात आगगाड्या नुकत्याच धावू लागल्या होत्या, त्या देशास कोळशाचे थर कोठे कोठे असतील याची खूण एका पानावरून मिळणे, ही काही लहान गोष्ट नव्हती.

हिस्लॉप व हंटर यांचा नागपूरच्या भूगर्भरचनेवरील मोठा निबंध १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र-मंडळाच्या त्रैमासिकात छापला गेला. प्रकृती बिघडल्याने हंटर त्याच वर्षी स्वदेशी परतले. दगडांनी भरलेल्या पेट्या बैलगाडीने बंदरापर्यंत जात व तेथून जहाजाने विलायतेस. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. तत्पूर्वीचा हा व्यवहार किती कालहरणाचा व खर्चाचा असेल हे सांगावयास नको. १८६० साली हिस्लॉप यांनी शंख-शिंपल्यांवरील आपला दुसरा महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी अनेक नव्या जातींस नावे दिली. नावे देण्याचा मान मिळाला असता त्यांनी तो कसा वापरला हे पाहण्यासारखे आहे. कालवाच्या एका जातीस माल्कमसन यांचे, एकीस हंटर यांचे आणि एकीस मुंबईचे डॉक्टर कार्टर यांचे नाव त्यांनी दिले. गोगलगाईच्या एका जातीस, नागपुरात जीवाश्म गोळा करणारे लष्करी इंजिनियर सँकी यांचे नाव मिळाले. आणि तीन जातींस टाकळी, तेलंखेडी व नागपूर यांची नावे मिळाली. अशा रीतीने आपल्याकडील गावे जगाच्या शास्त्रीय ग्रंथांत कायमची नोंदली गेली. स्वतःचे नाव त्यांनी कोणत्याही शंखास दिले नाही. ते इतरांनी दिले. कार्टर यांनी १८५८ साली नागपूरच्या गोड्या पाण्यातील एका सजीव, अतिसूक्ष्म व वसाहत करून राहणाऱ्या प्राण्यास हिस्लॉपिया असे नाव ठेविले, आणि ते आजही प्रचारात आहे.

आता थोडे त्यांच्या चुकांविषयी. चरित्र लिहिताना नायकाच्या चुका झाकण्याची चाल आहे. ती आम्हांस योग्य वाटत नाही. हिस्लॉप यांचे काही सिद्धांत पुढे टिकले नाहीत. शंखांच्या थराखाली जो काळा फत्तर आहे तो वरच्या थरानंतर खालून आत घुसलेला असावा, असे त्यांचे मत होते. पुढे ब्लॅनफर्ड यांनी दाखवून दिले की, तो आधीच थिजलेला लोट होता व त्याच्यावर तळे झाले. कामठीकडील पानांचा दगड जुरासिक युगातला असावा असेही हिस्लॉप मानीत. आज तो त्याहून पुष्कळ जुना, सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा, मानतात. मग त्यांचे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. त्यांनी प्रत्येक नमुना कोणत्या गावी, कोणत्या थरात, कशाच्या वर व कशाच्या खाली मिळाला हे प्रामाणिकपणे नमूद केले होते. स्वतःच्या मतास अनुकूल तेवढेच नमुने त्यांनी ठेविले आणि प्रतिकूल ते टाकले, असे केले नाही. त्यामुळे ज्यांनी त्यांचे मत खोडून काढले, त्यांसही त्यांच्याच नोंदींचा आधार मिळाला. मत चुकले तरी साक्ष खरी असली म्हणजे ज्ञानाचे नुकसान होत नाही. पण साक्षच खोटी असेल तर बरोबर आलेले उत्तरही निरुपयोगी. गणिताच्या वहीत दुसऱ्याचे उत्तर उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे अशी आमची सूचना आहे.

हिस्लॉप यांची जिज्ञासा दगडांपुरती नव्हती. गोंड व इतर रानावनांतील जातींची भाषा, चालीरीती आणि परंपरागत गीते त्यांनी परिश्रमपूर्वक टिपून ठेविली. गोंडांच्या लिंगो या वीरपुरुषाचे प्रदीर्घ गीत त्यांच्या कागदपत्रांत सापडले. लिहिता-वाचता येणारे लोक ज्या गीतास गावंढळ समजून नाक मुरडत, ते त्यांस एखाद्या दुर्मिळ शंखाप्रमाणे जपून ठेवण्याजोगे वाटले. क्षुद्र म्हणून टाकलेल्या वस्तूत मोल पाहण्याची जी दृष्टी टाकळीच्या माळावर तयार झाली, तीच येथेही उपयोगी पडली असे म्हणावयास हरकत नाही.

नागपूरच्या परिसरात, विशेषतः माळरानावर, दगडांची मोठमोठी वर्तुळे आढळतात. ती फार प्राचीन काळच्या लोकांची दफनस्थाने होत. टाकळघाट या गावाजवळची अशी वर्तुळे खणून पाहण्याचे ठरले. हे टाकळघाट आजच्या बुटीबोरीच्या बाजूस असून वर सांगितलेल्या टाकळीहून निराळे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत हिस्लॉप तेथे गेले होते. दिवस पावसाळ्याचे. परतताना ते मंडळींच्या मागे एकटेच राहिले होते. वाटेतील ओढ्यास पाणी चढले होते, आणि रात्रीच्या अंधारात तो ओलांडताना हिस्लॉप बुडाले. चार दिवसांनी त्यांस शेहेचाळिसावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. लाखो वर्षांपूर्वीच्या तळ्यांत पाणी किती होते हे शंखांवरून सांगणाऱ्या पुरुषाचा अंत एका लहानशा ओढ्याच्या पाण्यात व्हावा, हा दैवदुर्विलास मनास चटका लावणारा आहे.

त्यांच्यामागे पुष्कळ लेखन अपुरे राहिले. गोंडादि जातींविषयीची त्यांची टिपणे टेंपल यांनी संपादून १८६६ साली प्रसिद्ध केली. १८८३ साली नागपुरात कॉलेज सुरू झाले, त्यास त्यांचेच नाव देण्यात आले. लंडनच्या भूगर्भशास्त्र-मंडळाकडे गेलेला संग्रह पुढे तेथील निसर्गेतिहास संग्रहालयात गेला.

परंतु संग्राहकाचे खरे स्मारक म्हणजे त्याच्या वाटेने पुढे गेलेले लोक. नागपूर-छिंदवाडा भागातील दगड झालेली फुले, फळे व लाकडे यांचा अभ्यास विसाव्या शतकात प्राध्यापक बिरबल साहनी यांनी हाती घेतला. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे मिळालेले, खाडीकाठी वाढणाऱ्या निपा जातीच्या ताडाचे फळ पाहून विद्वानांस तेथपर्यंत समुद्राची शाखा आली असावी काय, असा प्रश्न पडला. कामठीच्या पानाचे तर भाग्यच मोठे. तेच जिभेसारखे पान आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात व दक्षिण अमेरिकेत आढळले. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट व त्यांचे सोबती प्राणांतिक हालअपेष्टांत असतानाही ज्या सुमारे ३५ पौंड दगडांचे ओझे अखेरपर्यंत वाहत होते, त्यांतही ते पान निघाले. एकच वनस्पती इतक्या दूरदूरच्या, मधे महासागर असलेल्या भूमींवर कशी? त्या भूमी एके काळी जोडलेल्या होत्या हे त्याचे उत्तर होय. त्या प्राचीन महाखंडास जे गोंडवन हे नाव मिळाले, ते ज्यांची गीते हिस्लॉप यांनी टिपून ठेविली त्या गोंडांच्या देशावरूनच. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथील प्रचंड प्राण्यांची हाडे हिस्लॉप यांनी गोळा केली होती. त्याच गावच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण असल्याचे २००५ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केले. डायनासोरांच्या काळीच गवत उगवत होते, आणि त्यात भाताच्या गोत्रातील गवतेही होती, हे त्यावरून कळले. पुन्हा पाहा, सर्वांत मोठी बातमी मोठ्या हाडाने दिली नाही. ती गवताच्या कणाने दिली.

विद्यार्थीमित्रांनो, या चरित्रावरून काय घ्यावे? तुम्हां सर्वांस भूगर्भशास्त्रज्ञ होता येणार नाही, व तसे होण्याचे कारणही नाही. पण हिस्लॉप यांजकडे जी साधने होती ती तुमच्याजवळही आहेत : दोन डोळे, एक वही आणि सुटीचा दिवस. शंख असो, पान असो, दाणा असो, आवडीची वस्तू जमवावी. पण ती कोठे, केव्हा व कशी मिळाली हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. नाव व ठिकाण नसलेला नमुना म्हणजे पत्ता नसलेले पत्र. ते कोणासही पोहोचत नाही. जेथे उकरण्यास मनाई असेल तेथे हात लावू नये. दुसऱ्याच्या शेतात मालकास विचारल्यावाचून शिरू नये. आणि अपूर्व असे काही दिसल्यास ते जागचे न हलविता जाणत्यास दाखवावे.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलाच्या खिशातून दगडगोटे निघाले, तर रागावून ते उकिरड्यावर टाकण्यापूर्वी एकदा त्यास विचारावे की, बाळा, यांतील तुझा सर्वांत आवडता कोणता आणि का? तो जे उत्तर देईल ते शांतपणे ऐकून घ्यावे. निवड करण्यास शिकणे हा विचार करण्यास शिकण्याचाच आरंभ आहे. टाकळीच्या माळावर एका शिक्षकाने वाकून एक शंख उचलला म्हणून आपल्या पायांखालच्या भूमीची एवढी मोठी कथा आज आपणांस ठाऊक झाली. तो माळ आता घरांखाली गेला. पण काळ्या फत्तराचा हा देश विस्तीर्ण आहे, आणि त्याची पुष्कळ पाने अजून कोणी उघडलेली नाहीत.